फरशीभर सरकणारी भिंत

"मॅडम, तुमची भिंत आमचा बांध कोरतीया."

एसटीतून उतरून मी पिशवी खांद्याला अडकवते न अडकवते, तोच सर्जेराव आबा चाळक्यांनी मला हे ऐकवलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यांच्या मागून विठूअण्णा सपकाळ धापा टाकत आले. आबांनी आधी बोलून घेतलं, हे त्यांना अजिबात रुचलेलं नव्हतं.

"खोटं हाय! भिंत आमच्यात घुसतीया अन् बोंब ह्ये मारत्यात. चोराच्या उलट्या बोंबा!"

"परवा कुनाकडं सरकली हुती?" आबा गरजले.

"अन् तेरवा कुनाकडं?" अण्णाही गरजले.

मी दोघांच्या मध्ये उभी. पंचवीस वर्षांची, नवीकोरी आर्किटेक्ट. माझ्या हातून बांधून झालेली पहिली इमारत म्हणजे ही शाळा, आणि तिची भिंत फिरायला लागली होती. भिंत चालवायला पूर्वी संत लागायचे. करंजदऱ्यात दोन आळ्या पुरल्या.

करंजदरा हे साताऱ्याकडच्या डोंगरातलं गाव. एक वरची आळी, एक खालची. वरचीचे पुढारी आबा, खालचीचे अण्णा. यात्रेत पहिला नारळ कुणाचा इथपासून रस्त्यात म्हैस आडवी बसली तर ती कुणी उठवायची इथपर्यंत सगळ्यात दोन पक्ष. जुनी शाळा वादळात पडली तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेनं नवी बांधून द्यायचं कबूल केलं आणि नकाशाचं काम माझ्या गळ्यात घातलं. जागा मिळाली ती नेमकी दोन आळ्यांच्या मधोमध, लांबट, चिंचोळी. दार कोणत्या आळीकडे तोंड करून असावं यावर ग्रामसभा तीनदा उठून गेली. शेवटी मी दोन टोकांना दोन दारं दिली. वास्तुशास्त्रात बसलं नाही, पण ग्रामसभेत बसलं.

आत मात्र मी माझी हौस पुरवून घेतली. निकम गुरुजी एकटेच शिक्षक. दुसरे बदलून गेले ते गेलेच, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चार इयत्ता आणि एक माणूस. पक्क्या भिंती घातल्या असत्या तर गुरुजींचा दिवस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळण्यातच गेला असता. म्हणून मी एकच मोठी खोली ठेवली आणि भिंतीऐवजी चाकांवरचे उंच लाकडी फळे केले. पुढून काळा रंग, म्हणजे खडूनं लिहिता येईल. मागून चित्रं टांगायला खिळे. ओळीत उभे केले की भिंत. तिरके लावले की कोपरे. कडेला ढकलले की नाटकाला, स्नेहसंमेलनाला सगळी खोली मोकळी. हा नकाशा पाहून माझे सर म्हणाले होते, "अप्रतिम! ही खोली शिक्षकाच्या मनासारखी वागेल." मी आठवडाभर जमिनीवर पाय ठेवला नव्हता.

खोली वागली, पण गावाच्या मनासारखी. पहिल्याच दिवशी वरच्या आळीची मुलं वरच्या दारानं आत आली आणि फळ्यांच्या अलीकडे बसली. खालच्या आळीची खालच्या दारानं आली आणि पलीकडे बसली. पहिली-दुसरी इकडे, तिसरी-चौथी तिकडे, हे माझ्या नकाशातच राहिलं. आणि मग फळे सरकायला लागले. रोज सकाळी एक फरशी. कधी इकडे, कधी तिकडे.

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. दर नांगरटीला फाळ थोडासा शेजाऱ्याच्या बांधात घालायचा आणि वीतवीत करत त्याचं रान आपल्यात ओढायचं, याला बांध कोरणं म्हणतात. सख्ख्या भावांनी यापायी कोर्टात हयात घालवलेली मी पाहिली आहे. पण ही कला छपराखाली, शहाबादी फरशीवर आणि तीही बालवाचनाच्या तक्त्यांसकट चालू होईल, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

"उद्या सकाळी साहेब येनार," आबा म्हणाले, "त्येच्या आधी ह्येचा निकाल लावा."

मला खरी धास्ती तीच होती. साहेब म्हणजे शिक्षणखात्याचे विस्तार अधिकारी. मागच्या खेपेला ते आले तेव्हा पटावर नावं होती, पण वर्गात निम्मी मुलं नव्हती. साहेब बजावून गेले होते, पुढच्या वेळी वर्ग भरलेला दिसला नाही तर ही शाळा खिंडीपलीकडच्या पेठेतल्या शाळेत मिळवून टाकू. आता त्यांच्यासमोर दोन आळ्या फरशीवरून हमरीतुमरीवर आल्या, तर साहेबांना आयतंच कारण मिळणार होतं.

शाळेच्या ओट्यावर निकम गुरुजी उभे होते. किडकिडीत, पांढरा सदरा, बोटांना कायमचा खडू. मला बघून त्यांना आनंद झाला की नाही ते मला कळलं नाही.

"मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेतलात," ते म्हणाले.

"गुरुजी, शाळा जाईल ना अशानं!"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "शाळा गेली तर मुलगे जातील हो खिंड ओलांडून. रडतखडत का होईना, जातील. मुलींना कोण पाठवणार? ही शाळा मिटली की इथल्या मुलींचं शिक्षण मिटलं." एवढं बोलून ते फळ्याकडे वळले आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसू लागले. मला त्यांची फार दया आली. हा गरीब माणूस दोन आळ्यांच्या जात्यात भरडतोय, असंच मला वाटलं.

मी निर्णय जाहीर केला. भिंत बरोबर मध्यावर आणायची, खाली फरशीत भोकं पाडून बोल्ट ठोकायचे, विषय संपला. सामान मी पुण्याहून सोबतच आणलं होतं.

"ठोका," आबा म्हणाले.

"आत्ता ठोका," अण्णा म्हणाले.

त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. गुरुजी तेवढे पुटपुटले, "साहेब येऊन जाऊ देत, मग ठोका की." पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती, कारण मोजणी सुरू झाली होती.

मी टेप काढला. तो दोघांनीही नाकारला. "त्यो पुन्याचा हाय," अण्णा म्हणाले. घराघरातून दोर आले. वरच्या आळीचा दोर खालच्यांनी ओढून पाहिला, खालच्यांचा वरच्यांनी. दोन्ही दोर ताणले की लांबतात, असं दोघांचंही म्हणणं पडलं. शेवटी तिऱ्हाईत म्हणून गुरुजींच्या धोतर वाळत टाकायच्या दोरीवर तडजोड झाली.

"कोनाडा कुनात धरायचा?" आबांनी विचारलं.

"कसला कोनाडा?" मी.

"ह्यो. पानी प्यायच्या माठाचा. आमच्या बाजूला हाय, पर पानी समदी पोरं पित्यात. म्हंजे आमची जागा फुकट गेली."

"अन् आमच्या दाराची उघडझाप?" अण्णा उसळले. "दार आत उघडतंय. तेवढ्या जाग्यात पोरगं बसत न्हाई. त्यो पोटखराबा धरा!"

पोटखराबा म्हणजे रानातली पीक न येणारी जमीन. माझ्या दाराला कुणी पोटखराबा म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, हा वर्ग आहे, वावर नाही."

"वर्ग असू द्या न्हाईतर वावर," अण्णा शांतपणे म्हणाले, "हद्द ती हद्दच."

कोनाडा वजा झाला, पोटखराबा वजा झाला, आणि एवढं सगळं होऊन मध्य आला तो एका फरशीच्या पोटात. अर्धी फरशी इकडे, अर्धी तिकडे. अर्धी सोडायला कुणी तयार होईना.

"कापा फरशी," आबा म्हणाले.

"कापा," अण्णा म्हणाले. दुसरं एकमत.

"माझी एकही फरशी कापायची नाही!" मी किंचाळले. आवाज इतका चढला की बाहेर दोन कुत्री भुंकायला लागली. एकेक फरशी मी स्वतः निवडून घेतली होती. निळसर झाक असलेल्या तेवढ्या ठेवल्या होत्या, पिवळट दिसेल ती परत पाठवली होती. अंधार पडत आला होता. मोजणी तहकूब झाली आणि बोल्ट पिशवीतच राहिले. गुरुजींनी दोरी गुंडाळताना सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. वैतागलेत बिचारे, असं मी समजले.

माझी सोय लावतानाही दोन्ही आळ्यांची समजूत काढावी लागली. जेवण वरच्या आळीत आबांकडे, अंथरूण खालच्या आळीत अण्णांकडे. आबांकडे चुलीपुढे त्यांची म्हातारी होती. मोठी खमकी बाई. ताटात भाकरी वाढता वाढता तिनं नातीला दटावलं, "पूनम, नीज आता. उद्या सगळ्यांच्या आदी जाऊन बस. जागा सोडायची न्हाई, सांगून ठिवते." आणि मला म्हणाली, "तुमी येवडं शिकलात, इंजनेर झालात, अन् एक भित जाग्यावर ऱ्हाईना व्हय?" मी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि मान खाली घातली. आपण आर्किटेक्ट आहोत, इंजिनीअर नाही, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा भिंत एक फरशी वरच्या आळीत शिरलेली होती. वरची आळी दाराशी जमून बोटं मोडत होती. घंटेला अजून अवकाश होता, पण दोन्ही दारांनी पोरांची रीघ लागली होती. वेण्या घट्ट बांधलेल्या मुली, शेंबूड पुसलेले मुलगे, दप्तरं पोटाशी धरलेली. एकेक जण आत यायचा आणि आपापल्या बाजूला मांडी ठोकून बसायचा. साहेब येणार म्हणून गुरुजींनी घरोघर फिरून गोळा केलेली दिसतात, असं मी मनाशी म्हटलं.

साहेब जीपमधून उतरले. स्थूल, गॉगल, हातात रुमाल. आत पाऊल टाकलं आणि थबकले. बसायला जागा नाही असा वर्ग भरलेला. त्यांनी हजेरी घेतली. प्रत्येक नावाला "हजर!" अशी आरोळी. आणि ती नुसती हजेरी नव्हती. एका बाजूनं जोरात आली की दुसरी बाजू त्याहून जोरात. शेवटी शेवटी तर छपराचे पत्रे थरथरायला लागले.

साहेबांनी गॉगल काढला. "गैरहजर कुणीच नाही?"

"नाही साहेब," गुरुजी म्हणाले.

"निकम, मी या खात्यात केस पांढरे केलेत. कोणत्या गावाची पोरं आणून बसवलीत ती सांगा."

"आमचीच हैत!" दोन्ही दारांतून एकदम आवाज आला. आबा एका दारात, अण्णा दुसऱ्या. साहेब दचकले. मग त्यांनी पुढच्या ओळीतल्या पूनमकडे बोट केलं. "ऊठ गं बाळ. खरं सांगायचं. रोज येतेस शाळेत?"

"रोज येते."

"पूर्वी येत होतीस?"

"न्हाई. शेरडं राखाया जायची."

"मग आता का येतेस?"

पूनमनं असल्या बावळट प्रश्नाची कीव केल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. "न्हाई आले तर आमची जागा रिकामी पडंल. मग खालच्या आळीची आमची फरशी घेत्याल."

"आमीबी त्येच्यासाठीच येतो!" पलीकडून चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली.

साहेबांना काडीचं कळलं नाही. मला मात्र लख्ख कळलं. गावाच्या लेखी जमीन कसणाऱ्याची. पडीक ठेवली की शेजारी शिरलाच. वहिवाट दाखवायची तर माणूस जागेवर पाहिजे. मुलगा असो की मुलगी, माणूस मोजायचं. दोन्ही आळ्यांनी आपापली घरं झाडून सगळी पोरं इथं आणून पेरली होती.

"आणि हे पार्टिशन मध्यभागी का नाही?" साहेबांनी विचारलं.

दोन्ही दारांत छात्या फुगल्या. आता स्फोट होणार, एवढ्यात गुरुजी पुढे झाले. त्यांना इतक्या खणखणीत आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, ही लवचीक रचना आहे. शैक्षणिक गरज बघून आम्ही रोज थोडी बदलतो. नकाशा या मॅडमनी केला आहे."

"वा!" साहेब म्हणाले, आणि त्यांनी फळा बोटानं ढकलून पाहिला. तो सुर्रकन सरकला. वरच्या आळीनं श्वास रोखून धरला. गुरुजींनी झटकन तो होता तिथे आणला. साहेब खूष झाले. एवढी हजेरी त्यांच्या हाताखालच्या कोणत्याच शाळेत नाही, ही शाळा हलवायचा प्रश्नच उद्भवत नाही, असं ते सर्वांसमोर बोलले, नारळपाणी प्यायले आणि जीपमध्ये बसून गेले. शाळा वाचली. आबांनी आणि अण्णांनी एकमेकांकडे न बघता गुरुजींच्या गळ्यात हार घातले. एकानं घातला तर दुसरा मागे कसा राहणार?

मला आनंद झाला होता, खोटं का बोलू, पण काहीतरी टोचत होतं. "शैक्षणिक गरज बघून आम्ही रोज थोडी बदलतो." या साध्या माणसाला ऐनवेळी असं बेमालूम वाक्य सुचलं कसं?

संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर मी बोल्टची पिशवी घेऊन शाळेकडे निघाले. साहेब येऊन गेले होते, आता ठोकायला हरकत नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत निकम गुरुजी सदऱ्याच्या बाह्या सारून, खांदा लावून, पहिला फळा ढकलत होते. खालच्या आळीकडे. एक फरशी.

"गुरुजी!"

ते दचकून वळले. पण गडबडले फक्त क्षणभर. मग सदऱ्याला हात पुसत म्हणाले, "आज यांची पाळी आहे."

मी उंबऱ्यावरच बसले. "तुम्ही? रोज तुम्ही?"

"पहिल्यांदा चुकून झालं हो. झाडताना फळे हलवले आणि जागेवर लावायचे राहिले. दुसऱ्या दिवशी बघतो तर खालची आळी झाडून हजर! ज्या बापांना माझी शाळा कुठल्या दिशेला आहे ते माहीत नव्हतं, ते सकाळी पोराला घेऊन दारात. इतकी वर्षं मी घरोघर फिरलो, मॅडम. मुलींना पाठवा म्हणून पाया पडायचं तेवढं राहिलं होतं. कुणी ऐकलं नाही. आणि एका फरशीसाठी..." मग एकदम हसू फुटलं त्यांना, आणि हसता हसताच त्यांनी डोळे टिपले. "मग रात्रीचं जेवण गोड लागावं म्हणून रोज एवढं करून घरी जातो."

"आता शाळा वाचली ना गुरुजी. आता पुरे."

"शाळा वाचली हो. पण भिंत थांबली की पूनम पुन्हा शेरडांमागे. उद्या सकाळीच. बोल्ट ठोकायचे असले तर ठोका. तुमची भिंत आहे."

मी त्या भिंतीकडे पाहिलं. ही खोली शिक्षकाच्या मनासारखी वागेल, असं सर म्हणाले होते खरं, पण ती इतकी वागेल हे त्या थोर माणसाच्याही ध्यानात आलं नसेल. मी पिशवी कोपऱ्यात ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि दुसऱ्या फळ्याला खांदा लावला. चाक कुरकुरलं. नकाशात मी चाकांच्या तेलाचा विचार केला नव्हता.

आम्ही दोघं घामाघूम होऊन शेवटचा फळा ओळीत आणतोय, तेवढ्यात वरच्या दारात खाकरल्याचा आवाज आला. आबा! हातात काठी, डोक्यावर मुंडासं. किती वेळ उभे होते कोण जाणे. गुरुजींचा हात फळ्यावर तसाच चिकटला. आता हा म्हातारा गाव गोळा करणार, गुरुजींची बदली तरी होणार नाहीतर डोकं तरी फुटणार.

आबा आत आले. काठीनं फरशा मोजल्या, हळूहळू, एकेक. मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "आज अन्नाकडं सरकवलीसा व्हय?"

गुरुजींनी फळ्यावरचा हात हळूच काढून घेतला.

"मला पैल्या आठवड्यातच ठावं झालं, गुर्जी. म्या हितनंच जातो रोज सांजच्याला."

"मग आबा," मी विचारलं, "काल एसटीपाशी एवढा तमाशा...?"

"त्यो करावाच लागतो की! म्या बोंब मारली न्हाई तर आमची म्हातारी हलती व्हय? दोन सालं सांगतुया, पोरीला शाळंत घाल. म्हनती, शिकून काय दिवं लावनार हाय. अन् आता पहाटं उठून सोता तिची येनी घालती." आबांनी दाराबाहेर एकदा डोकावून पाहिलं, खालच्या आळीचं कुणी नाही ना याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला.

"गुर्जी, उद्या आमच्याकडनं दोन फरश्या घ्या. धाकटी नात अजून घरीच हाय."